स्क्रीनशॉट पुरे, आता मोजा

"सरकारी वेबसाइटवर मराठी नाहीच" ही पोस्ट दर महिन्याला फिरते. सोबत एक स्क्रीनशॉट, खाली संतापाचे इमोजी. समोरचा एखादं मराठी पान दाखवतो आणि विषय तिथंच संपतो. स्क्रीनशॉटने राग येतो, पण तक्रार उभी राहायला आकडा लागतो.

आणि मोजणं अवघड नाही. दहा-पंधरा ओळींची पायथन स्क्रिप्ट पुरते. 'रिक्वेस्ट्स' लायब्ररी पान आणून देते. आधी स्टेटस बघा: 200 म्हणजे पान मिळालं, 404 म्हणजे त्या पत्त्यावर काही नाही. मेनूत 'मराठी' बटण आणि आत 404, ही नोंद दहा स्क्रीनशॉटपेक्षा वजनदार. मग 'ब्युटिफुल सूप'ने टॅग बाजूला काढून नुसता मजकूर घ्या आणि अक्षरं मोजा. युनिकोडमध्ये देवनागरीचा पट्टा 0900 पासून सुरू होतो, कन्नडचा 0सी80 पासून. अक्षरांऐवजी कचरा आला तर घाबरू नका. सर्व्हरने एन्कोडिंग सांगितलं नसेल तर रिक्वेस्ट्स लॅटिन-1 धरून चालते. तिला यूटीएफ-8 सांगा.

खरी मेख पुढं आहे. देवनागरी दिसली म्हणजे मराठी झाली का? हिंदीचीही लिपी तीच की! म्हणून 'आहे' आणि 'आणि' वेगळे मोजा, 'है' आणि 'और' वेगळे.

शून्य आलं तरी लगेच पोस्ट टाकू नका. पान जावास्क्रिप्टने भरत असेल तर साध्या स्क्रिप्टला रिकामा सांगाडाच मिळतो. स्कॅन केलेल्या पीडीएफमधलं मराठी तर तिला दिसतच नाही. अशी पानं ब्राउझरमध्ये उघडून डोळ्यांनी तपासायची. दोन पानांमध्ये दोन-तीन सेकंद थांबा (सर्व्हरवर धाड घालायला आपण निघालेलो नाही).

एवढी खटपट कशाला? भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा जास्त असतील तिथं महत्त्वाचे नियम, सूचना त्यांच्या भाषेत मिळाव्यात, हे सूत्र जुनंच आहे. राज्यघटनेचं कलम 350 तर संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क देतं. त्या अर्जाला जोडायला सीएसव्ही फाइल हवी: तारीख, पानाचा पत्ता, स्टेटस, तिन्ही भाषांची मोजणी. आणलेलं पानही जसंच्या तसं सेव्ह करा. दर महिन्याच्या एक तारखेला स्क्रिप्ट पुन्हा चालवा. उद्या पान गुपचूप बदललं किंवा गायब झालं, तरी कालची प्रत आपल्याकडे असेल.