ज्याची बॅट, त्याचाच डाव?

मुलांनो, आमच्या बदलापूरजवळच्या शिरगावात काय किंवा तुमच्या गावात काय, गल्लीतल्या क्रिकेटचा एक नियम सगळीकडे सारखाच असतो : ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग! इथपर्यंत ठीक आहे. पण बॅटवाला उद्या म्हणाला, ‘‘चेंडू माझा, स्टंपही माझेच. दुसऱ्याची बॅट आणाल तर खेळच बंद!’’ तर? मग दुसऱ्या कुणाची बॅट कितीही झकास असो, ती मैदानात उतरणारच नाही.

मोठ्या कंपन्याही कधी कधी असंच वागतात बरं का! संगणक चालवणारी ‘विंडोज’ प्रणाली मायक्रोसॉफ्टची. तिच्याबरोबर कंपनीनं आपलं इंटरनेट एक्सप्लोरर फुकट जोडून दिलं. साहजिकच नेटस्केप या कंपनीच्या ब्राउझरची पंचाईत झाली. १९९८ साली अमेरिकेचं सरकार मायक्रोसॉफ्टविरुद्ध कोर्टात गेलं. २००० साली न्यायाधीशांनी कंपनीचे दोन तुकडे करा, असा हुकूम दिला. २००१ साली वरच्या कोर्टानं तो रद्द केला. पण कंपनीनं कायदा मोडला, हे मात्र मान्य केलं.

आता आपल्या देशात या. आपल्याकडे २००२ सालचा स्पर्धा कायदा आहे आणि त्यावर लक्ष ठेवायला दिल्लीत भारतीय स्पर्धा आयोग आहे. हा कायदा काय म्हणतो, ठाऊक आहे? मोठं होणं हा गुन्हा नाही. मोठेपणाचा गैरवापर करणं हा गुन्हा! वर्गात पहिला नंबर आला म्हणून कुणी शिक्षा करत नाही. पण पहिल्या नंबरवाल्यानं दुसऱ्यांच्या वह्या लपवल्या तर?

ऑक्टोबर २०२२ मध्ये या आयोगानं गूगलला १३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड ठोठावला. कारण काय? फोन बनवणाऱ्यांना गूगलचं प्ले स्टोअर हवं असेल, तर गूगलची इतर ॲप्सही फोनमध्ये आधीपासून घालावी लागत आणि ती काढून टाकण्याची सोय नव्हती. गूगल अपिलात गेलं. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणानं आयोगाचे काही आदेश रद्द केले, दंड मात्र कायम ठेवला.

तुम्ही म्हणाल, ‘‘पण फुकट मिळतंय की! मग तक्रार कसली?’’ प्रश्न अगदी रास्त आहे. गूगलचंही म्हणणं असंच होतं : अँड्रॉइड फुकट दिल्यामुळे फोन स्वस्त झाले, घरोघरी पोचले. हे काही खोटं नाही. पण दुसरी बाजूही ऐका. एखाद्या हुशार मुलीनं उद्या याहून सरस ॲप बनवलं आणि ते लोकांपर्यंत पोचलंच नाही, तर नुकसान तिचं एकटीचं नाही, आपलंही आहे. आणि सगळे स्पर्धक दमून घरी गेल्यावर फुकटची वस्तू फुकटच राहील, याची हमी कोण देणार?

आता एक गृहपाठ. आई-बाबांना विचारून, त्यांच्या समोरच त्यांचा फोन पाहा. कोणती ॲप्स त्यांनी स्वतः घेतली, कोणती फोनबरोबरच आली, याची यादी करा. आलेल्यांपैकी कोणती काढता येतात, हेही विचारा. काढू मात्र नका हं! मग रात्री जेवताना घरात दोन पक्ष करा. एकानं कंपनीची बाजू मांडायची, दुसऱ्यानं आयोगाची. दुसऱ्या दिवशी बाजू बदलायच्या.

तुमचं मत कोणतंही असो, ‘का’ म्हणून विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे. काय, जमेल ना?