‘जंक’ म्हणजे भंगार नव्हे

१/ ‘जंक डिंगी’ हे शब्द ऐकले की मोडीत काढलेली होडी डोळ्यांपुढे येते. वस्तुतः दोन्ही शब्द आशियाचे. जावा-मलय प्रदेशातील ‘जोंग’ या जहाजवाचक शब्दाचे पोर्तुगीजांमार्फत युरोपात ‘जंक’ झाले. ‘डिंगी’ तर इंग्रजीने भारतीय भाषांतूनच उचलला. कचरा या अर्थाच्या ‘जंक’शी या नावाचे काहीही नाते नाही.

२/ आजचा विषय आहे दहा-बारा फुटी होडी. गाडीच्या टपावर बांधून न्यावी, दोघांनी उचलून पाण्यात सोडावी, दिवसभर शिडावर फिरावे आणि रात्री किनाऱ्यावर ओढून तिच्याच आडोशाने मुक्काम करावा, अशी. या होडीसाठी चिनी जंक शीडच सर्वांत योग्य, असे माझे मत आहे. त्याला मागासलेले ठरवले गेले ते चुकीच्या मोजपट्टीमुळे.

३/ प्रथम रचना पाहू. या शिडात तळापासून माथ्यापर्यंत आडव्या काठ्या बसवलेल्या असतात, त्यामुळे शिडाचे अनेक पट्टे पडतात. डोलकाठीला ताणाचे दोर नसतात. ती होडीच्या आडव्या फळीतील भोकातून खाली नुसती रोवली जाते. म्हणून लहान होडीत ती एकट्याने उभी करता येते आणि उपसून काढताही येते.

४/ वारा अचानक वाढला तर शीड चढवण्याचा दोर सैल सोडावा. काठ्यांच्या वजनाने शीड आपसूक खाली येते आणि दोन्ही बाजूंच्या दोरांच्या झोळीत घडी होऊन बसते. हवे तितके पट्टे उतरवावेत, उरलेल्यांवर चालावे. उठून पुढे जायला नको. डुलणाऱ्या लहान होडीत उभे राहणे हाच मोठा धोका असतो, आणि इथे तो टळतो.

५/ ही युक्ती जुनी आहे. इ.स. १३४० च्या दशकात इब्न बतूताने कालिकत बंदरात तेरा चिनी जहाजे पाहिली. बांबूच्या कामट्या चटईसारख्या विणून त्यांची शिडे केलेली असतात, असे तो नोंदवतो. म्हणजे हे शीड मलबारच्या किनाऱ्याला साडेसहाशे वर्षांपूर्वीच परिचित होते.

६/ आता १८४६ मध्ये येऊ. ‘कीयिंग’ नावाचे चिनी जंक हाँगकाँगहून निघाले, केप ऑफ गुड होपला वळसा घालून १८४७ मध्ये न्यूयॉर्कला आणि १८४८ मध्ये लंडनला पोहोचले. लोकांनी पैसे मोजून ते पाहिले, पण एक नवलाची वस्तू म्हणून. निम्मे जग ओलांडून आलेल्या शिडापासून काही शिकावे, असे फार थोड्यांना वाटले.

७/ त्या थोड्यांपैकी एक पुढे निघाला : जोशुआ स्लोकम. १८८७ च्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्याचे जहाज वाळूत रुतून नष्ट झाले. सोबत पत्नी आणि दोन मुलगे. त्याने तिथेच सुमारे ३५ फुटांची होडी बांधली आणि तिच्यावर चिनी सांपानच्या धर्तीची शिडे चढवली.

८/ ती होडी पाण्यात उतरली १३ मे १८८८ रोजी. त्याच दिवशी ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, म्हणून नाव ठेवले ‘लिबर्दादे’, अर्थात स्वातंत्र्य. सुमारे साडेपाच हजार मैल कापून हे कुटुंब सुखरूप अमेरिकेला पोहोचले. सगळी शिडे जाणणाऱ्या या कसलेल्या कप्तानाने आपली माणसे चिनी शिडाच्या भरवशावर सोपवली, हे विसरू नये.

९/ दुसरा साक्षीदार ब्रिटिश मरीन अधिकारी ‘ब्लाँडी’ हॅस्लर. डिसेंबर १९४२ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली दहा सैनिक, घडी घालता येणाऱ्या दुजणी नावांतून, जर्मनव्याप्त बोर्दोच्या जहाजांना सुरुंग लावण्यास निघाले. हॅस्लर आणि त्याचा जोडीदार बिल स्पार्क्स एवढेच जिवंत परतले. लहान नावेत चुकीला किती कमी जागा असते, हे त्याला पुरते ठाऊक होते.

१०/ त्याच हॅस्लरने पुढे २५ फुटी ‘जेस्टर’वर जंक शीड चढवले. अट एकच : एकट्या माणसाला आडोशातून न हलता शीड हाताळता यावे. १९६० मध्ये प्लिमथ ते न्यूयॉर्क या पहिल्या एकट्याच्या शर्यतीत पाच होड्या होत्या. चिचेस्टरची सुमारे ४० फुटी नौका ४० दिवसांत पहिली आली, ‘जेस्टर’ ४८ दिवसांत दुसरी.

११/ आता दोषही सांगितले पाहिजेत. सपाट जंक शीड वाऱ्याच्या तोंडावर चढताना मागे पडते. दोर पुष्कळ असतात आणि ते कधी गुंततात. आधार नसलेली डोलकाठी जाड लागते आणि तिची बैठक भक्कम लागते. हल्ली पट्ट्यांना शिवतानाच पोट देऊन पहिला दोष बराच कमी केला जातो.

१२/ पण ‘वाऱ्यावर किती चढते, किती पळते?’ हा प्रश्न शर्यतीचा आहे. शर्यतीच्या क्लबांनी तो विचारला आणि आपण तोच सर्व होड्यांना लावला. तंबू, तांदूळ, पाण्याचा डबा घेऊन निघालेल्याचा प्रश्न वेगळा असतो : संध्याकाळी वारा फिरला, हात थकले, सोबत कोणी नाही, तरी मी किनाऱ्याला लागेन ना?

१३/ या प्रश्नाला जंक शीड चांगले उत्तर देते. ताण सर्व काठ्यांत वाटला गेल्याने साध्या ताडपत्रीचेही शीड चालते. फाटले तरी भोक एका पट्ट्यापुरते राहते आणि शीड काम देते. मुक्कामाला तेच गुंडाळून, आढ्यासारखे वर उचलून त्यावर कापड टाकले की तंबू तयार. हॅस्लर आणि मॅक्लाउड यांच्या १९८८ च्या ‘प्रॅक्टिकल जंक रिग’ने अशी शिडे आखण्याची रीतही खुली केली.

१४/ इतिहास वाचताना ‘प्रगत’ आणि ‘मागास’ ही विशेषणे आली की, मित्रहो, एवढेच विचारा : कोणत्या कामासाठी? कालिकतला उभ्या असलेल्या त्या तेरा जहाजांना शर्यत जिंकायची नव्हती. त्यांना माल आणि माणसे घेऊन घरी पोहोचायचे होते. दहा फुटी होडीतल्या एकट्या प्रवाशालाही तेवढेच हवे असते.