विश्लेषण : नव्या फोर-के टीव्हीवर जुना संगणक का अडखळतो? सुटे भाग बदलून भागते का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यानंतर तीन आठवड्यांतच, १४ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. वर्ष सरता सरता मेमरी चिपचे भाव भडकले आणि मायक्रॉनने ‘क्रुशियल’ या नावाने चालणारा किरकोळ ग्राहकांसाठीचा व्यवसाय गुंडाळण्याची घोषणा केली. या तिन्ही घडामोडी एकत्र येतात त्या दिवाणखान्यात. टीव्ही नवा फोर-के, त्याला जोडलेला संगणक मात्र आठ-दहा वर्षांपूर्वीचा. नवा संगणक महाग आणि जुन्यावर चित्र अडखळते. अशा वेळी जुन्या यंत्रावर खर्च करावा का, आणि करायचा तर नेमका कशावर?

प्रोसेसर ‘आय५’ किंवा ‘आय७’ असूनही चित्र का अडखळते?

फुल एचडी चित्रात सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, फोर-केमध्ये सुमारे ८२.९ लाख, म्हणजे बरोबर चौपट. एवढी माहिती जशीच्या तशी पाठवणे नेहमीच्या घरगुती इंटरनेट जोडणीला झेपणारे नाही, म्हणून ती दाबून पाठवतात. दाबण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. सगळी गोम या कोडेकमध्ये आहे.

२००३ मध्ये आलेला एच.२६४ हा कोडेक फुल एचडीच्या काळात सर्वत्र चालला. त्यानंतर २०१३ मध्ये एचईव्हीसी (म्हणजेच एच.२६५) आणि गूगलचा व्हीपी९ आले, तर २०१८ मध्ये एव्ही१. प्रत्येक नव्या कोडेकने फाइल लहान केली. पण उलगडण्याचे गणित अवघड केले. हे गणित प्रोसेसरच्या मुख्य गाभ्यावर सोडवायचे तर जुना चार गाभ्यांचा प्रोसेसरही घामाघूम होतो, पंखा गरगरतो आणि फ्रेम गळू लागतात. तेच काम ग्राफिक्स चिपमधल्या खास सर्किटवर सोपवले, तर अगदी कमी विजेत, आवाज न करता होते. त्यामुळे प्रश्न प्रोसेसर किती वेगवान आहे हा नसून, त्यात त्या विशिष्ट कोडेकचे सर्किट आहे की नाही, हा असतो. चौथ्या पिढीचा आय७ जिथे हात टेकतो, तिथे सहा वॉटचा साधा इंटेल एन१०० आरामात फोर-के दाखवतो, तो यामुळेच.

इंटेलच्या बाबतीत हिशेब बराच स्पष्ट आहे. २०१३ च्या चौथ्या पिढीपर्यंत एचईव्हीसीचे पूर्ण सर्किट नव्हते. सहाव्या पिढीत (२०१५) ते आले, पण आठ बिट रंगांपुरते. एचडीआर चित्रपटांना दहा बिट लागतात. ती सोय आणि व्हीपी९ चे पूर्ण सर्किट सातव्या पिढीपासून मिळाले. एव्ही१ साठी थेट अकरावी पिढी गाठावी लागते. आठ बिटमध्ये १.६७ कोटी रंगछटा दाखवता येतात, दहा बिटमध्ये १०७ कोटी. संध्याकाळच्या आकाशात दिसणारे रंगांचे पट्टे दहा बिटमध्ये बरेच कमी होतात, ते या फरकामुळे.

यूट्यूबची मेख वेगळीच आहे. तिथे एच.२६४ मध्ये फुल एचडीपर्यंतच चित्र मिळते. फोर-के हवे तर व्हीपी९ किंवा एव्ही१. म्हणून चौथ्या पिढीच्या संगणकावर पेनड्राइव्हमधली एच.२६४ ची फोर-के फाइल सुरळीत चालते आणि यूट्यूब मात्र रखडते. अनेक जण मग इंटरनेटवाल्याला फोन लावतात. त्याचा यात दोष नसतो.

ग्राफिक्स कार्ड बसवून प्रश्न सुटतो का?

बऱ्याचदा सुटतो, पण फसगतही इथेच सर्वाधिक होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन दुकानांत जीटी ७१० आणि जीटी ७३० ही कार्डे अजूनही विकली जातात. खोक्यावर ‘४ जीबी’ असे ठळक छापलेले असते. या कार्डांत एचईव्हीसीचे सर्किट नाही, त्यांचे एचडीएमआयही जुन्या पिढीचे आहे. मेमरी कितीही असली तरी फोर-के चित्रपटासाठी ती कुचकामी.

जीटी १०३० हे कार्ड जुने असले तरी या कामाला चालते. तीस वॉटच्या आत भागते, एसएमपीएसमधून वेगळी वायर ओढावी लागत नाही, बुटक्या कॅबिनेटमध्ये बसणारी आवृत्तीही मिळते. दहा बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ दोन्ही चालतात. एव्ही१ चालत नाही. एएमडीचे आरएक्स ६४०० हे २०२२ मधले, म्हणजे बरेच नवे. तरीही त्यातून एव्ही१ वगळलेले आहे. नवे कार्ड म्हणजे नवे सर्किट, असे गृहीत धरता येत नाही, ते असे. एव्ही१ हवेच असेल तर एनव्हिडियाची आरटीएक्स ३० मालिका किंवा इंटेलची आर्क ए३१०, ए३८० ही कार्डे आहेत. मात्र आर्क कार्डांसाठी खुद्द इंटेलच दहाव्या पिढीपासूनचे संगणक सुचवते. २०१४ च्या मदरबोर्डवर ते बसवणे म्हणजे जुगार.

कंपन्यांनी टाकून दिलेले आणि ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विकले जाणारे बुटके संगणक घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. त्यांचा एसएमपीएस कमी ताकदीचा आणि वेगळ्याच मापाचा असतो. जास्त वीज खाणारे कार्ड बसवले तर तोही बदलावा लागतो आणि त्याच्या मापाचा दुसरा सहज मिळत नाही. असा खर्च एकदा वाढू लागला की एन१०० सारख्या प्रोसेसरचा तळहाताएवढा मिनी पीसी घेणे अधिक शहाणपणाचे. मेमरी महागल्याने त्याची किंमतही वर सरकते, हे खरे. पण विजेचे बिल आणि पंख्याचा आवाज दोन्ही कमी होतात.

केबल आणि पोर्ट यांचा काय संबंध?

एचडीएमआय १.४ मधून फोर-के चित्र सेकंदाला ३० फ्रेमपर्यंतच जाते. ६० साठी एचडीएमआय २.० लागते. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचे असल्याने जुन्या पोर्टवरही ते नीट दिसतात. क्रिकेटचे प्रक्षेपण मात्र ५० किंवा ६० फ्रेमचे असू शकते, तिथे चेंडू उड्या मारत जातो. माऊसचा बाणही जड वाटतो. नवव्या पिढीपर्यंतच्या अनेक मदरबोर्डवर एचडीएमआय १.४ च आहे. त्यावर डिस्प्लेपोर्ट असेल तर त्यातून फोर-के ६० फ्रेमने बाहेर येते आणि योग्य कन्व्हर्टर लावून ते टीव्हीला देता येते. काही वेळा एवढ्यावरच काम भागते, कार्डाची गरजच पडत नाही.

मग नेटफ्लिक्स फोर-केमध्ये दिसेल?

बहुतेकांची खरी अपेक्षा हीच असते आणि निराशाही इथेच होते. ओटीटी सेवांना चित्रपट चोरीला जाण्याची धास्ती असते. त्यामुळे प्रोसेसर, ऑपरेटिंग सिस्टीम, ब्राउझर, केबल आणि पडदा या साखळीतली प्रत्येक कडी त्यांच्या अटींत बसावी लागते. नेटफ्लिक्सने संगणकावर फोर-के सुरू केले ते २०१६ च्या अखेरीस, विंडोज १० वरच्या एज ब्राउझरमध्ये आणि सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरवर. पडदा आणि जोडणी एचडीसीपी २.२ या कुलपाला मान देणारी हवी, संगणकावर एचईव्हीसीचे एक्सटेन्शन हवे आणि वर्गणी प्रीमियम योजनेची हवी. क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये फोर-के मिळत नाही. लिनक्सवर तर नाहीच. साखळीतली एक कडी निसटली तरी कोणताही इशारा न देता चित्र खालच्या दर्जावर येते आणि पैसे भरणाऱ्याला ते कळतही नाही.

हेच ॲप टीव्हीत किंवा टीव्हीला लावायच्या स्टिकमध्ये आधीच प्रमाणित होऊन आलेले असते. तेव्हा केवळ ओटीटीसाठी जुन्या संगणकावर पैसे घालणे हा तोट्याचा व्यवहार आहे. संगणकाची बाजू भक्कम होते ती स्वतःच्या संग्रहासाठी : मोबाइलवर टिपलेल्या चित्रफिती, छायाचित्रकाराने पेनड्राइव्हवर दिलेले लग्नाचे फोर-के चित्रीकरण, जुन्या डीव्हीडी. टीव्हीचा स्वतःचा प्लेअर यांतल्या काही फाइल उघडत नाही किंवा चित्र दाखवतो आणि आवाज गाळतो. कोडी किंवा व्हीएलसी असलेला संगणक तिथे कामी येतो.

परवान्यांचा घोळ यात भर घालतो. एचईव्हीसी वापरण्यासाठी उत्पादकांना स्वामित्वशुल्क द्यावे लागते. एचपी आणि डेल यांनी आपल्या काही व्यावसायिक लॅपटॉपमध्ये, प्रोसेसरमध्ये सर्किट असूनही, ते बंद ठेवल्याचे २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये समोर आले. म्हणजे नवे यंत्र घेतानाही हा प्रश्न विचारावाच लागतो. फोर-के ब्लू-रे तबकड्यांची गोष्ट तर उलटीच. संगणकावर त्या अधिकृतपणे चालवण्यासाठी इंटेलची ‘एसजीएक्स’ ही सुरक्षा सोय लागते आणि इंटेलने ती अकराव्या पिढीपासून वगळली. अशा तबकड्या जमवणाऱ्याने सातव्या ते दहाव्या पिढीचा संगणक बदलू नये, हेच बरे.

रॅम आणि एसएसडी वाढवून काय मिळते?

चित्रासाठी जवळपास काही नाही. फोर-के ब्लू-रेलाही फार मोठा वेग लागत नाही. साधी हार्ड डिस्कही त्याच्या कितीतरी पट वेगाने वाचते. एसएसडीने संगणक लवकर सुरू होतो, एवढेच. आठ जीबी रॅम असेल तर आजच्या भावात आणखी घेण्याचे कारण नाही. खरी अडचण असते ती दुसऱ्या खोलीतल्या संगणकावरून टीव्हीपर्यंत फाइल आणताना : अनेक टीव्हींचा लॅन पोर्ट १०० मेगाबिटचाच असतो, आणि मोठ्या फाइलला तो अपुरा पडतो.

विंडोज १० बंद झाल्याने काय बिघडले?

काही अपवाद वगळता सातव्या पिढीचे संगणक विंडोज ११ च्या यादीत नाहीत. नेटफ्लिक्सचे फोर-के ज्या पिढीपासून सुरू झाले, तीच आता दाराबाहेर आहे. नोंदणी केलेल्या घरगुती ग्राहकांना सुरक्षा दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील. त्यानंतर केवळ स्वतःचा संग्रह पाहणाऱ्यांसाठी लिनक्स आणि कोडी एकत्र देणारे लिब्रेएलेक मोफत आहे. जुन्या यंत्रावर ते विंडोजपेक्षा हलके चालते.

खर्च करण्याआधी काय तपासावे?

यूट्यूबवर एखादी फोर-के चित्रफीत लावून त्यावर राइट क्लिक करावे आणि ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडावे. कोणता कोडेक वापरला जात आहे आणि किती फ्रेम गळाल्या, दोन्ही तिथे दिसते. त्याच वेळी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली जीपीयूचा ‘व्हिडिओ डिकोड’ हा आलेख पाहावा. तो हलत असेल तर सर्किट काम करत आहे, आणि तरीही चित्र अडखळत असेल तर केबल, पोर्ट किंवा इंटरनेट तपासावे. तो शून्यावर आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर असेल, तर आधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत करून पाहावा. तरीही आलेख हलला नाही, तर त्या कोडेकचे सर्किट असलेले कार्ड किंवा मिनी पीसी हेच दोन मार्ग उरतात.