आधी हिशेब, मग शाल

महाराष्ट्र भूषण हा राज्याचा सर्वोच्च सन्मान बाबा आमटे यांना १ मे २००५ रोजी देण्यात आला, तो वरोऱ्याजवळ त्यांनी कुष्ठरुग्णांसोबत उभारलेल्या आनंदवनात. बाबांनी तेव्हा नव्वदी गाठली होती. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना बसता येत नसे. सरकार वरोऱ्याला आले हे फार योग्य झाले, कारण ज्यांच्या हातांनी आनंदवन उभे राहिले, त्यांच्यासमोर तो सन्मान झाला.

आपल्याकडच्या बहुतेक सत्कारांत नेमके हेच हरवते. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, फोटो होतात आणि काम मात्र निवेदकाच्या दोन वाक्यांत उरकते.

प्राचीन ग्रीकांना हा विषय कायद्याचा वाटे. मुकुट घालून गौरवणे यासाठी त्यांच्याकडे ‘स्तेफानोओ’ हे क्रियापद होते. ऑलिंपियातल्या विजेत्याला रानऑलिव्हच्या फांदीचा मुकुट मिळे, तर नगराची सेवा करणाऱ्याला अथेन्स सोन्याचा देई. अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस याला असा मुकुट द्यावा आणि त्याची घोषणा नाट्यगृहात करावी, असा ठराव इ. स. पू. ३३६ मध्ये क्टेसिफोनने मांडला. डेमॉस्थेनिसचा प्रतिस्पर्धी एस्किनिस याने क्टेसिफोनवर खटला भरला. पदावरच्या माणसाचा हिशेब तपासून होण्याआधी मुकुट देता येत नाही आणि जनसभेने दिलेला मुकुट जनसभेतच जाहीर व्हायला हवा, असे त्याचे म्हणणे होते. इ. स. पू. ३३० मध्ये तो हरला. त्याला पंचमांश मतेही पडली नाहीत. तरी हिशेब झाला का आणि घोषणा कुणासमोर, हे त्याचे दोन्ही प्रश्न रास्तच होते.

आनंदवनाचा हिशेब उघड्यावर होता. १९५१ मध्ये सहा कुष्ठरुग्ण, चौदा रुपये आणि एक लंगडी गाय एवढ्यावर काम सुरू झाले. रुग्णांनी पिकवलेली भाजी घ्यायलाही लोक कचरत. १९६४ मध्ये तिथे आनंद निकेतन महाविद्यालय निघाले आणि वरोऱ्याची मुले त्याच आवारात शिकू लागली. गावाचे मन बदलल्याचा याहून पक्का पुरावा कोणता?

बाबांनी देणाऱ्याकडेही हिशेब मागितला. नर्मदेच्या विस्थापितांना मिळालेल्या वागणुकीचा निषेध म्हणून १९९१ मध्ये त्यांनी पद्मश्री आणि पद्मविभूषण परत केले.

घोषणा कुणासमोर, याचे आपल्याकडचे उत्तर ग्रामसभा हे आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने ग्रामसभा किती जबाबदारीने चालते हे देशाला दाखवले आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जिल्हा परिषदांनी आशा सेविका व शिक्षकांचे सत्कार सभागृहातून काढून ग्रामसभेत न्यावेत. वर्षभराचे काम आधी वाचून दाखवावे, गावकऱ्यांना प्रश्न विचारू द्यावेत आणि मगच शाल घालावी.