सहल आणि हेल

आमची सहल सज्जनगड चढून पुढे सांगलीला गेली. गडावर आम्ही शुद्ध मराठीत ताकाचा भाव विचारला, विषय संपला! जत तालुक्यातला आमचा मित्र मात्र ताकवाल्या आजींशी अर्धा तास बोलत बसला. त्याच्या कानडी हेलाला वर्गात हसणाऱ्यांत मीही होतो. सांगलीत सरांनी सांगितले, की कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी तसे मराठीत करायला सांगितले, म्हणून १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ रंगले. म्हणजे आमच्या नाटकामागेही कानडी खेळच! माझे मत स्पष्ट आहे : पुढच्या सहलीत दोन स्थळे गाळावीत, आणि प्रत्येकाने तिथल्या एका माणसाशी तासभर बोलावे. मित्राची माफी मागायची मात्र अजून राहिलीच आहे.