लिंकनचं पत्र आणि लग्नगडी

मंडळी, आज जरा भांडायचंच ठरवून बसले आहे. चहा घेऊन वाचा.

माझा एक भाचा आहे. हुशार, वाचणारा. मी शाळेतल्या मुलांसाठी गुलामगिरीवर काही टिपणं काढते आहे असं त्याला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, "मावशी, ते अमेरिकेतलं. आपल्याकडे तसलं काही नव्हतं. आपल्याकडे गडी घरच्यासारखे असायचे."

हे 'घरच्यासारखे' मी नोकरीभर ऐकत आले. अरे, घरच्यासारखा होता तर घरच्या पंगतीला का नव्हता?

आमच्या कर्जत-खालापूरकडच्या कितीतरी शाळांत मुख्याध्यापकांच्या खोलीत लिंकनचं ते पत्र फ्रेम करून लावलेलं असतं. वसंत बापटांनी मराठीत आणलेलं. सुंदर आहे, मीही मुलांकडून पाठ करून घेतलंय. (ते लिंकननेच लिहिलं याला काही पुरावा नाही, पण ते असो.) मुलांना लिंकन कोण ते ठाऊक असतं. १८६३ चा जाहीरनामा, यादवी युद्ध, सगळं परीक्षेपुरतं येतं. आणि त्याच भिंतीपलीकडच्या वर्गात दिवाळीनंतर कातकरवाडीच्या मुलांचे बाक रिकामे होतात. हजेरीपटावर 'स्थलांतरित' असा शेरा पडतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कुणी मुलांना सांगत नाही.

संबंध कसा ते सांगते.

पावसाळ्यात कातकऱ्याच्या घरात दाणा नसतो. श्रावण-भाद्रपदात मुकादम येतो आणि बयाणा देऊन जातो. तो पैसा भात, औषध, लग्न, दारू यात संपतो (हो, दारूतही, लपवायचं कशाला?). दिवाळी झाली की सगळं कुटुंब, पोरांसकट, वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर. कधी घाटावर, कधी पार कर्नाटकात. मजुरी हजार विटांमागे, पण हिशोब हंगामाच्या शेवटी, आणि वही मालकाकडे. खर्ची वजा, आजारपणाचे खाडे वजा. पाऊस तोंडावर आला की कळतं, फिटलं नाही. उरलेलं पुढच्या वर्षावर. सगळ्याच भट्ट्यांवर असं होतं असं मी म्हणत नाही. पण जिथे होतं तिथे माणूस सोडून जाऊ शकत नाही, आणि त्याला कायद्याच्या भाषेत वेठबिगारी म्हणतात.

कायदा आहे. १९७५ च्या ऑक्टोबरात वटहुकूम निघाला, १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. त्यात असं कर्ज रद्दच ठरवलंय. वर 'हे वेठबिगारीचं कर्ज नाही' हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकलीय, मजुरावर नाही. त्याआधी घटनेचं २३ वं कलम होतंच. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच. नागरिकशास्त्राच्या तासाला यातलं काय येतं? मूलभूत हक्कांची यादी. तीही क्रमाने लिहिली तर पूर्ण गुण.

आता लग्नगडी. हा शब्द आजच्या मुलांनी ऐकलेलाही नाही. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचं. बहुतेकदा बायकोनेही. म्हणजे ज्या दिवशी संसार सुरू झाला त्याच दिवशी तो गहाण पडला. १९३९ मध्ये सायमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई सरकारला दिलेल्या अहवालात हे नोंदलेलं आहे. १९४५ साली शेजारच्या ठाणे जिल्ह्यात वारली उठले ते वेठ आणि लग्नगडी यांच्याविरुद्धच. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचावं.

आणखी मागे जायचं? खोपोलीला सहल नेली की आपण मुलांना नाना फडणवीसांनी बांधलेलं देऊळ आणि तलाव दाखवतो. दाखवावंच. पण त्याच काळात कुणबिणी, म्हणजे बटकी, विकत घेतल्या-दिल्या जात होत्या आणि त्याच्या नोंदी पेशवे दफ्तरात आहेत, हे सांगताना आपली जीभ का अडखळते? १८४३ साली कंपनी सरकारने गुलामीला कोर्टात थारा नाही असा कायदा केला. जे नव्हतंच त्याच्यासाठी कायदा करावा लागला काय? आपला मुरूड-जंजिरा आपण 'अजिंक्य' म्हणून शिकवतो. सिद्दी मुळात आफ्रिकेतून कसे आले, हे विचारणारा विद्यार्थी मला भेटला नाही. कारण प्रश्न पडेल असं आपण काही सांगितलंच नाही. नाशिकजवळ शरणपूरला इंग्रजांनी जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं ठेवली, शिकवली होती. लिव्हिंग्स्टनचं शव किनाऱ्यावर आणणाऱ्यांत तिथे शिकलेला जेकब वेनराइट होता. नाशिकच्या किती मुलांना हे माहीत आहे?

भाच्याचा दुसरा मुद्दा मात्र वजनदार होता. म्हणाला, अटलांटिकपार सव्वा कोटी माणसं साखळदंडात जहाजांवर चढवली, तिथे जन्मलेलं मूलही मालकाचंच. आमच्या वीटभट्टीची त्याच्याशी बरोबरी करणं म्हणजे त्या लोकांचा अपमान. बरोबर आहे. बरोबरी करूच नये. फरक सांगावा, मुलांना तो कळतो. पण फरक सांगायला दोन्ही गोष्टी शिकवाव्या लागतात, आणि आपण एकच शिकवतो, ती जी सातासमुद्रापलीकडे घडली. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. त्यांना तिकडचं आणि इकडचं एकत्र दिसत होतं. दीडशे वर्षांनी आपल्याला का दिसू नये?

"पोरांच्या मनात द्वेष पेरू नका," असंही एक जण म्हणाले. ज्याच्या आजोबाने वेठ केली तो मुलगा वर्गात बसलाय हो. त्याला घरी ठाऊकच आहे. ठाऊक नाही ते त्याच्या शेजारच्या बाकावरच्याला. आणि हे जुनं झालं असं वाटत असेल तर २०२२ सालच्या बातम्या काढा. इगतपुरी तालुक्यातल्या कातकऱ्यांची मुलं मेंढपाळांकडे राबायला दिली होती, एखादी मेंढी आणि थोड्या पैशांच्या बदल्यात.

आता नातेवाइकांसाठी. आपल्या जुन्या घराच्या माळ्यावर आजोबांच्या चोपड्या आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. त्यात भाताच्या मणांच्या शेजारी माणसांची नावं आहेत, पुढे लग्नखर्चाची रक्कम आणि खाली वर्षानुवर्षांची वजाबाकी. मागच्या गणपतीत कुणीतरी सुचवलं की घर विकायच्या आधी ती रद्दी जाळून टाकू, उगाच कुणाच्या हाती लागायला नको. जाळायची नाही. मी त्या चोपड्या इकडे आणवणार आहे. अक्षर मोडी आहे, मला जेमतेम लागतं. कुणाला चांगलं मोडी येत असेल तर कळवा. नावं उतरवून घ्यायची आहेत, आणि त्यातली बरीच आडनावं आजही त्याच वाडीत आहेत.

भाऊबीजेला येणाऱ्यांनी येताना पोती घेऊन या.