अंदमानचा बेत

दिवाळीत अंदमानला जायचे, हा आमच्या घरातला ठराव मी जानेवारीवर ढकलला. तिकडे नैर्ऋत्येचा पाऊस सरतो न सरतो तोच ईशान्येचा येतो. दिवाळीत छत्री सुटण्याची खात्री नाही. शिवाय थंडीत सूर्य पाच-सव्वापाचलाच मावळतो. तेव्हा प्रवाळ, होड्या, वाळू सारे सकाळी उरकायचे.

"पण तुरुंगाला अख्खा दिवस कशाला?" मुलांनी विचारले.

सेल्युलर जेलच्या सातांपैकी तीनच शाखा आज उभ्या आहेत. १९११ ते १९२१ सावरकर अंदमानात बंदी होते. कागद-लेखणीवाचून 'कमला' तिथेच रचली, पाठ करून जपली. मुलांपाशी वही आहे, पाठांतर नाही. बेतातून समुद्राचा एक दिवस गळेल; तो दिवस गळणार नाही.